एकही काच फुटली नाही

पलटणीत तिला सगळे 'थंडोबा' म्हणायचे. बाईमाणसाला थंडोबा म्हणणं व्याकरणात बसत नाही, पण लष्करी पोलिसांच्या त्या तुकडीत व्याकरणाची फिकीर कोणाला होती? नाव उस्तादांनी ठेवलं होतं, आणि उस्तादांनी ठेवलेलं नाव बदलायची कोणाची छाती नव्हती.

झालं होतं असं. तोफखान्याचा एक जवान कँटीनच्या कोपऱ्यात फुटकी बाटली घेऊन उभा राहिला. बायको घर सोडून गेल्याची खबर त्याला सकाळीच लागली होती. दारात चार धिप्पाड शिपाई दांडके परजत उभे, पण पुढे जायला कोणी धजेना. ही तुकडीत नवीन, अंगानं काडी. ती आत गेली, त्याच्यापासून दोन टेबलं सोडून बसली आणि स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. एक बूट झाला, दुसरा झाला. मग मान वर करून म्हणाली, "होऊ दे सावकाश. माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे." तो माणूस आधी हसला, मग ओक्साबोक्शी रडला, आणि बाटली टेबलावर ठेवून मुकाट तिच्या मागोमाग बाहेर आला. बाहेर उस्ताद उभेच होते. म्हणाले, "ही पोरगी आहे का थंडोबा?" झालं, चिकटलं ते चिकटलं.

उस्ताद म्हणजे तुकडीचे हवालदार. मिशा राखलेल्या, आवाज फाटका, आणि मनात आलं की कोणालाही बोलणार, समोर अधिकारी असला तरी. लष्करी पोलिसाचं काम कोणाला आवडत नाही. बाहेरचे घाबरतात आणि आपलेच जवान शिव्या घालतात. चौकात उन्हातान्हात उभं राहून ताफ्यांना वाट काढून द्यायची, दारू पिऊन आलेल्यांची भांडणं सोडवायची, रजा संपूनही घरी लपून बसलेल्यांना त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत घेऊन यायचं. उस्ताद म्हणायचे, "दार फोडायला रेडाही पुरतो. आतल्यानं आपल्या हातानं कडी काढली पाहिजे, तर तुम्ही पोलीस." त्यांनी तिला सगळं शिकवलं. आधी पाणी विचारायचं. भोवतीची गर्दी पांगवायची. आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण गप्प बसलं की माणसाला आपण हरतोय असं वाटायला लागतं.

ती नोकरी तिनं मनापासून केली. मग एका घाटात ताफ्यातली गाडी उलटली आणि तिचा उजवा गुडघा कामातून गेला. लंगड्या पोलिसाला कोण ठेवणार? छातीवर एक पदक आणि हातात एक काठी देऊन तिला घरी पाठवलं.

माजी सैनिकांच्या रुग्णालयात सुरक्षाप्रमुखाची जागा निघाली तेव्हा ती गेली, घरी बसून भिंती किती दिवस बघणार म्हणून. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की बाकांवर बसलेल्या निम्म्या लोकांना आपण ओळखतो. कालचे आरोपी आज पेशंट होऊन आले होते. केस पिकलेले, हात थरथरणारे, खिडकीवरच्या कारकुनावर तारस्वरात ओरडणारे. कोणी ओरडलं की पहारेकरी त्याला बखोटीला धरून बाहेर काढायचे, आणि तो दुसऱ्या दिवशी दुप्पट चिडून यायचा.

तिनं काय केलं, तर बाकं हलवली. आधी ती दालनाच्या मधोमध होती, दाराकडे पाठ करून. लढाई बघून आलेला माणूस दाराकडे पाठ करून बसू शकत नाही, त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. तिनं सगळी बाकं भिंतीला लावून घेतली. मग कारकुनासमोरची काच काढायला लावली. महिन्याभरात आरडाओरडा इतका कमी झाला की त्या वेळचे मुख्य डॉक्टर स्वतः खाली बघायला आले. म्हणाले, "बाई, तुम्ही पुढे शिकत का नाही?"

ती शिकली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज, आपल्या पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. घरी येऊन तो तिला रुग्णालय व्यवस्थापनाचे प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की परीक्षेच्या मास्तरासारखी भुवई उंचावायचा. ती रुग्णसेवा विभागाची प्रमुख झाली, मग उपसंचालक, आणि मग एक दिवस संचालकाच्या खोलीच्या दारावर तिचं नाव लागलं. लोक म्हणाले, लंगडत का होईना, पोलिसीण वरपर्यंत चढली.

रुग्णालयाच्या पाठीमागे एक दुमजली इमारत होती. ज्यांना घरदार उरलं नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी माणसं तिथं कायमची राहायची. संचालक झाल्यावर तिनं पहिला हुकूम काढला तो या इमारतीसाठी. तिथल्या खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. तिनं त्या उखडल्या आणि आतून बसवल्या. मेट्रन घाबरली. "बाई, कोणी आत काही बरंवाईट करून घेतलं तर?" ती म्हणाली, "जन्मभर यांची दारं दुसऱ्यांनीच लावली, सिस्टर. आता त्यांची त्यांना लावू दे."

आणि याच इमारतीत एक दिवस उस्ताद आले. फुप्फुसं निकामी होत चालली होती, मिशा गळून ओठ उघडे पडले होते. मुलगा परदेशात, सून फोन उचलत नव्हती. त्यांनी संचालकाची खोली, टेबल, खुर्ची सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "थंडोबा, खुर्ची छान आहे. फिरते का?" तिनं फिरवून दाखवली. खूप वर्षांनी ती इतकी हसली.

उस्तादांच्या खोलीत दुसरा पलंग होता एका आचाऱ्याचा. सबंध नोकरी त्यानं लष्कराच्या भटारखान्यात काढलेली, आणि आपल्या हातचं खाऊन रेजिमेंट लढली असं त्याचं ठाम मत. उस्तादांना श्वासासाठी खिडकी उघडी लागायची, आचाऱ्याला वाऱ्यानं हुडहुडी भरायची. त्यावरून रोज सकाळी महायुद्ध. परिचारिकांनी खोली बदलून देतो म्हटलं की दोघंही तोंड फिरवायचे. आचारी म्हणायचा, "आणि मग मी भांडू कोणाशी?" रात्री उस्तादांना धाप लागली की घंटा वाजवणारा तोच असायचा.

मागची इमारत बंद करायचं ठरलं, ते वर, सरकारी खात्यात. संस्थेत माणसं ठेवणं आता जुनाट झालं म्हणे. त्यांना समाजात ठेवायचं. समाजात म्हणजे नक्की कुठे, हे कोणी सांगेना. त्या जागेवर तपासणी केंद्र आणि मोटारी लावायला मजले उठणार होते, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

ती भांडली. संचालक आहोत, आपला शब्द चालेल अशी तिची समजूत होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे तेव्हा कळलं. ती खात्यात गेली, पुन्हा गेली, आकडे घेऊन गेली, डॉक्टरांना घेऊन गेली. माजी सैनिक संघटनेच्या अध्यक्षांनी जोरदार भाषण ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या केंद्राच्या समितीवर जाऊन बसले. प्रत्येक ठिकाणी तिला चहा मिळाला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून तिचाच हात दुखायला लागला.

शेवटी खात्याच्या सचिवांनी तिला बोलावलं. गोरागोमटा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं सबंध आयुष्यात एकाही आजाऱ्याचा पलंग उचलला नसेल, उंटावरून शेळ्या हाकलेल्या. तो म्हणाला, "निर्णय झालाय, बाई. प्रश्न एवढाच की करायचं कोणी. तुम्ही केलंत तर शांतपणे होईल. नाही तर आम्ही खासगी कंपनीला देतो, त्यांची स्वतःची माणसं आहेत."

ती माणसं कशी असतात हे तिला सांगायची गरज नव्हती.

"एकत्र राहणाऱ्यांना एकत्र ठेवा," ती म्हणाली. "एवढं तरी करा."

"अर्थातच! माणसं आहेत ती, फर्निचर नाही."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा नवरा भिंग पुसत बसला होता. तो म्हणाला, "राजीनामा दे."

"आणि मग?"

"मग निदान यात तू नसशील."

"मी नसेन. पण ते असतीलच ना तिथं?"

भिंग स्वच्छ होतं तरी तो पुसत राहिला.

हलवाहलव सुरू झाली. तिनं प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन सांगितलं. कोणी रडलं, कोणी दोन दिवस जेवलं नाही, कोणी कपडे घालून पहाटेपासून दारात बसलं. एकावरही आवाज चढवावा लागला नाही. कंपनीची माणसं तरीही आलीच होती. काळे गणवेश घालून खाली बागेत सिगारेटी ओढत उभी. शेवटच्या दिवशी दुपारी मेट्रन धावत आली. आचारी जेवून हात धुवायला गेला होता, तेवढ्यात उस्तादांनी आतून कडी लावली होती आणि दाराला कपाट टेकवलं होतं.

ती वर आली तेव्हा काळ्या गणवेशातला एक जण पहार घेऊन जिन्यात उभा होता. तिनं त्याला खाली पाठवलं, मेट्रनलाही पाठवलं. आचारी हटेना, तेव्हा त्याला म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन गाडीत बसा. मी त्यांना घेऊन येते." मग एक खुर्ची ओढून ती दारासमोर बसली.

"उस्ताद, मी आहे."

"कळलं. पाय अजून ओढतेस." आतून श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. "आता पाणी विचारशील."

"हवंय का?"

"इथं आहे माझ्याजवळ. मग म्हणशील, सगळ्यांना पाठवलंय, आपण दोघंच आहोत."

"पाठवलंय, उस्ताद."

"आणि आता गप्प बसशील."

ती गप्प बसली. दुसरं काय करणार? खाली गाडीचं इंजिन चालू होतं. रिकाम्या खोल्यांची दारं वाऱ्यानं हलत होती. पुष्कळ वेळ गेला. मग आतून उस्ताद हसले, हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबल्यावर म्हणाले, "लेकाचं सगळं माहीत असूनही लागू पडतं बघ. मीच पहिला बोललो."

"उस्ताद, ते दार फोडतील."

"फोडू दे की."

"तुम्हाला लागेल."

"लागू दे. एकदा तरी लागू दे. तू एवढ्या जणांना बाहेर काढलंस, थंडोबा, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. उद्या कोणाला कळणार की इथं कोणी राहत होतं?"

तिनं कपाळ दाराला टेकवलं. रंगाचा जुना वास आला.

"आचाऱ्याला आणि मला एकाच खोलीत ठेवणार?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"कोण म्हणालं?"

"सचिव. माझ्यासमोर."

"तुझा विश्वास आहे?"

त्या माणसाचा मऊ आवाज तिला आठवला. विश्वास नव्हता तिचा. असावा असं फार वाटत होतं, एवढंच. जिन्यात पुन्हा बुटांचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली.

"बरं. मग थांब जरा. कपाट जड आहे, वेळ लागेल."

त्यांनी ते एकट्यानं सरकवलं. ती बाहेर उभी राहून ऐकत राहिली. एक धक्का, मग श्वास, मग पुन्हा धक्का. मदतीला जायचं तर दार आतून बंद. कडी निघाली तेव्हा उस्तादांचे ओठ निळे पडले होते, पण शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. तिच्या हाताला धरून ते जिना उतरले. बागेतल्या माणसांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आठवड्याच्या आत दोघांना वेगळं केलं. पहिले चार दिवस ते एका तात्पुरत्या जागी होते; तिथून उस्तादांना प्राणवायूची सोय असलेल्या ठिकाणी हलवलं आणि आचाऱ्याला चालत्याफिरत्या म्हाताऱ्यांच्या घरात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नियमानं बघितलं तर बरोबर होतं. तिनं सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "वैद्यकीय गरजेपुढे आपण काय बोलणार, बाई? तुम्ही तर जाणताच." पुन्हा केला तेव्हा त्यांच्या मदतनीसानं उचलला. त्यानंतर उचलायचे बंद झाले.

उस्तादांची नवी जागा म्हणजे महामार्गालगतचं एक बंद पडलेलं हॉटेल. गालिच्यांना जुन्या सिगारेटींचा वास, आणि प्रत्येक खोलीत एक यंत्र घुंघुं करत असलेलं. उस्ताद नळी नाकात घालून खुर्चीत बसले होते. ठरवून आणलेलं सगळं बोलणं ती दारातच विसरली.

"शिव्या द्या मला," ती म्हणाली.

"देता आल्या असत्या तर दिल्या असत्या. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं, तीच तर पंचाईत आहे." मग म्हणाले, "तो जेवतो का नीट?"

आचाऱ्याला एकदा इथं आणावं म्हणून ती त्या दुसऱ्या घरी गेली. तिथल्या व्यवस्थापकानं सांगितलं, बाहेर न्यायचं तर रक्ताचं नातं लागतं. आचाऱ्याचं रक्ताचं कोणीच नव्हतं. "मी या सगळ्याची संचालक आहे," ती म्हणाली. "असाल," तो म्हणाला, "पण बहीण नाही ना?" खात्याची परवानगी मिळवायला ती धडपडत राहिली, आणि प्रत्येक मेजावर तिला सांगण्यात आलं की हे काम दुसऱ्या मेजावरचं आहे.

दरम्यान तिची बढती झाली. सबंध खात्याच्या आरोग्य संस्थांची प्रमुख, मुख्य कार्यालयात, नवव्या मजल्यावर. छोटासा समारंभ झाला. सचिव बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या बाई लष्करी पोलिसांतून आलेल्या. एवढी मोठी इमारत रिकामी झाली, पण एकही काच फुटली नाही." टाळ्या पडल्या. तिचा नवरा मागच्या रांगेत होता. त्यानं चष्मा काढून हातात धरला होता. नंतरच्या आठवड्यात तिच्या टेबलावर आणखी दोन गावांतल्या इमारती रिकाम्या करायला आल्या. तिनं त्या घेतल्या. घेतल्या नसत्या तर कंपनीला गेल्या असत्या. हे कारण आता तिला पाठ झालं होतं आणि खोटंही ठरवता येत नव्हतं.

उस्ताद गेले ते एका साध्या दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. यंत्र चालूच होतं, म्हणून बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. अंत्यविधीला ती, तिचा नवरा, मेट्रन आणि संघटनेनं पाठवलेला एक बिगुलवाला. सुनेनं फोन उचलला, ऐकून घेतलं आणि "कळवल्याबद्दल आभार" म्हणाली.

आचाऱ्याला सांगायचं राहिलं होतं. हे काम तिला दुसऱ्या कोणावर टाकता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन त्या घरी पोचली. फाटकातून आत शिरताना वरच्या खिडकीत तिला आचाऱ्याचा चेहरा दिसला आणि लगेच नाहीसा झाला. व्यवस्थापकाशी बोलून ती जिन्याकडे वळते तोच आचारी स्वतःच खाली आला. अंगात कोट, पायांत बूट, हातात पिशवी. एवढ्यात पिशवी भरणं शक्य नव्हतं. ती आधीपासूनच भरून ठेवलेली असणार. केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला होता.

"बाई, फार उशीर केलात हो," तो हसत म्हणाला. "पण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्या बाई न्यायला येतील म्हणून. यांना खोटं वाटत होतं." त्यानं मागे वळून दालनात बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे मान उंच करून पाहिलं. "म्हातारा गाडीतच बसलाय ना? धाप लागत असेल त्याला. उतरवू नका, मीच येतो."

इतक्या दारांसमोर ती बसली होती, इतक्या माणसांशी बोलली होती. दालनातल्या सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले होते.

"बसा," ती शेवटी म्हणाली.

"बसायला कशाला? निघू या की."

"बसा जरा, आचारीदादा."

तो बसला, पिशवी मांडीवर घेऊन. ती त्याच्याशेजारी बसली, दुखरा पाय लांब करून, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. उस्ताद गेले. काल. त्रास झाला नाही. आणि तुम्हाला न्यायला मी आलेली नाही.

आचाऱ्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. मग कोटाचं वरचं बटण काढलं, खालचं काढलं.

"मग मला वर जायला हवं," तो म्हणाला. "अकराला जेवण वाढतात. उशीर झाला की ताट परत नेतात."

तो उठला आणि पिशवी घेऊन जिना चढू लागला. ती तिथंच बसून राहिली. बाहेर चालकानं गाडी वळवून फाटकाकडे तोंड करून लावली होती. नवव्या मजल्यावर बैठक होती आणि तिला वेळेवर पोचायचं होतं.